घरची बोली, बाळाची पहिली शाळा



रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात असे दृश्य अनेकदा दिसते. दीड वर्षाचे मूल झाडावरच्या कावळ्याकडे बोट दाखवते. आई म्हणते, ‘सी, क्रो! से क्रो!’ शेजारी उभी असलेली आजी काही बोलू पाहते, पण गप्प राहते. कारण घरी तिला सांगितलेले असते, ‘आई, बाळाशी आपल्या बोलीत बोलू नका. पुढे इंग्रजी शाळेत त्याचा गोंधळ होईल.’

आईवडिलांचा हेतू चांगलाच असतो. परंतु आजी गप्प झाली की नुकसान बाळाचे होते.

भाषा कशी येते?

गर्भात असताना शेवटच्या काही महिन्यांतच बाळाला ऐकू येऊ लागते. जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांच्या सुमारास ‘आई पाणी’, ‘बाबा ये’ अशी जोडी जमते.

हे सारे नुसत्या ऐकण्याने होत नाही. 2003 साली अमेरिकेतील सिॲटल येथे पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी घरांतील 9 महिन्यांच्या काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून बोलली, खेळली. इतर काही बाळांना तेच बोलणे टीव्हीवर दाखवले. 12 बैठकांनंतर पहिल्या गटातील बाळे चिनी भाषेतील ध्वनी ओळखू लागली. टीव्ही पाहणाऱ्यांना काहीच लाभ झाला नाही. बाळाला समोर माणूस हवा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ बसवू नये.

गोंधळ होईल का?

नाही. मुले दोन भाषा सहज शिकतात. सुरुवातीला शब्दांची सरमिसळ होते, तो दोष नव्हे. मोठे-लहान, आत-बाहेर, काल-उद्या या कल्पना घरच्या भाषेत एकदा पक्क्या झाल्या, की शाळेत त्यांना फक्त नवे शब्द जोडावे लागतात. शिवाय जी भाषा आपल्याला मोडकीतोडकी येते, तिच्यात आपण मुलाला आज्ञा देतो. गप्पा मारत नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या खेळण्यांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. शिक्षण मुलाच्या अंगणात नेले. आपल्या अंगणातही हे सारे आहे.

घरी काय करावे?

1. काम करताना बोला. शेंगा सोलताना, आंघोळ घालताना, भाजी निवडताना वस्तूंची नावे घ्या.

2. मूल जिकडे बोट दाखवील, तिथून बोलणे सुरू करा. ‘हो, कावळा! उडाला बघ. कुठे गेला?’ मग थोडे थांबा. नुसता हुंकार आला, तरी ते उत्तरच आहे.

3. चूक काढू नका. मूल ‘तावला’ म्हणाले तर ‘हो, काळा कावळा’ असे म्हणा.

4. रोज एक गोष्ट किंवा बडबडगीत असू द्या. तीच गोष्ट पुन्हा मागितली, तर पुन्हा सांगा.

5. भरवताना मोबाईल दूर ठेवा.

वेळीच लक्ष द्या

मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही ‘बाबा-दादा’ अशी बडबड करत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी आली नसेल, अथवा आलेले शब्द विसरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा व कान तपासून घ्या. ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ म्हणत वाट पाहू नका.

कुटुंबात चर्चेसाठी

- काल आपण बाळाशी किती वेळ बोललो? त्यात आज्ञा किती आणि गप्पा किती?
- आपल्या घरात बाळाशी बोलताना कोणाला अडवले जाते का?

आज दुपारी जेवणानंतर बाळाला आजीच्या मांडीवर द्या. टीव्ही बंद करा. आजीला तिच्या बोलीत बोलू द्या, आणि बाळ काय करते ते पाहा.