घटक ४ : ज्येष्ठ ग्रामीण दाम्पत्याचे घर – दैनंदिन व्यवहार आणि ग्राहक म्हणून निवड

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• ज्येष्ठ ग्रामीण दाम्पत्याच्या खरेदीमागील कारणपरंपरा स्पष्ट करता येईल.
• घरखर्चाच्या साध्या नोंदीचे ‘मजकूर’ म्हणून वाचन करता येईल.
• वेष्टन, पावती व औषधाची पट्टी यांवरील भाषा आणि ग्राहकाचे हक्क यांतील संबंध सांगता येईल.
• एका कुटुंबाच्या खरेदीचे निरीक्षण करून त्याचे लेखन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण जाहिरातीच्या भाषेचा अभ्यास केला. जाहिरात ज्याच्याशी बोलते तो ग्राहक बहुधा तरुण, नोकरदार आणि शहरातील असतो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या गावी वयाची पासष्टी-सत्तरी ओलांडलेले आईवडील किंवा आजीआजोबा दोघेच राहतात. मुले पुणे-मुंबईकडे गेलेली असतात. घरात माणसे दोन, पण निर्णय रोजचे: चूल पेटवायची की गॅस, पुडी आणायची की पाकीट, औषध पूर्ण घ्यायचे की निम्मे. जाहिरातीत हे दाम्पत्य ग्राहक म्हणून क्वचितच दिसते.

त्यांच्या निवडीकडे पाहताना शिकलेल्या माणसाच्या तोंडून दोन शब्द सहज निघतात: ‘चिक्कूपणा’ आणि ‘जुनाटपणा’. हे दोन्ही शब्द बहुतेक वेळा चुकीचे आहेत, असे या घटकाचे प्रतिपादन आहे. या निवडीमागे पक्का हिशेब असतो. हा हिशेब अडतो तो मुख्यतः एका ठिकाणी: जेथे वस्तूवरची भाषा त्यांची नसते तेथे. मराठीच्या विद्यार्थ्याचे काम नेमके तेथे सुरू होते.

४.२ एक नमुना घर

विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक कल्पित घर समोर ठेवू. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश. तेथील एका वाडीवर एक म्हातारे जोडपे राहते. थोडी जिरायत जमीन, एक गाय, तीन शेळ्या, काही कोंबड्या. मुलगा पिंपरी-चिंचवडला कामाला, मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली. ज्वारी-बाजरी घरची, ती पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. गहू-तांदूळ रेशनवर मिळतो. बाकी सारे विकत: चहापूड, साखर, तेल, मीठ, साबण, औषधे, फोनचे रिचार्ज.

या घरात हिशेबाची वही नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे. १९७३ पासून निघणारी ही दिनदर्शिका अनेक मराठी घरांत पंचांगाइतकीच हिशेबासाठीही वापरली जाते. तारखेच्या चौकोनात डेअरीला घातलेल्या दुधाचे लिटर, एका कोपऱ्यात सिलिंडर लावल्याची खूण, दुसऱ्या कोपऱ्यात ‘वाणी २४०’ अशी नोंद. एवढ्याशा चौकोनात त्या दिवसाचे उत्पन्न, इंधन आणि उधारी मावलेली असते. आपण कथा-कविता वाचतो त्याच लक्षपूर्वक हा मजकूर वाचला, तर पुढील सर्व विवेचन त्यात सापडते.

४.३ निवडीमागील तीन प्रश्न

४.३.१ पैसा केव्हा येतो?

शहरी नोकरदाराचा पगार ठरलेल्या तारखेला येतो. या घरात पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो. दुधाचे पैसे दहा-पंधरा दिवसांनी मिळतात. पीएम-किसान योजनेचे वर्षाचे ६००० रुपये दर चार महिन्यांनी २००० अशा तीन हप्त्यांत खात्यावर जमा होतात. मुलगा सणावाराला पाठवतो. अडीनडीला शेळी विकली जाते. शेळी ही या घराची चालतीबोलती ठेव असते.

आता चहापुडीचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. समजा, १० रुपयांच्या पुडीत २० ग्रॅम चहा मिळतो आणि २५० ग्रॅमचे पाकीट ११० रुपयांना मिळते. पुडीचा दर १०० ग्रॅमला ५० रुपये पडतो, पाकिटाचा ४४. महिन्याला २५० ग्रॅम लागत असतील, तर पुड्यांनी १५ रुपये जादा जातात. कागदावर ही चूक आहे. पण दुधाचा हप्ता यायला आठ दिवस असताना हातात ४० रुपयेच असतील, तर ११० रुपयांचे पाकीट ‘स्वस्त’ असूनही आवाक्याबाहेरचे ठरते. जादा गेलेले ते १५ रुपये म्हणजे रोकड हाती राखण्याची किंमत आहे. ती किंमत या घराला माहीत असते.

इंधनाचेही असेच. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरची पूर्ण रक्कम एकदम द्यावी लागते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतील अनुदानही नंतर बँकेत जमा होते. काटक्या आणि गोवऱ्या मात्र रोज, रोकड न मोजता मिळतात. म्हणून घरात गॅस असूनही भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, अशी वाटणी होते.

येथे एक गोष्ट विसरू नये. चुलीचा खर्च शून्य नाही. जळण गोळा करण्याचे श्रम, धुराने चुरचुरणारे डोळे आणि जडावलेला श्वास हा खर्च घरातील स्त्री भरते, आणि तो कालनिर्णयच्या चौकोनात कधीच लिहिला जात नाही. हिशेब पक्का असला तरी तो पूर्ण असतोच असे नाही.

४.३.२ किती लागते?

बाजारातील बहुतेक वस्तू चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी घडवलेल्या असतात. मुलाने दिवाळीत मिक्सर आणून दिला. आजी त्यावर शेंगदाण्याचा कूट करतात. चटणी मात्र पाट्यावरच वाटतात. पाहणाऱ्याला ही परंपरेची ओढ वाटते. विचारले तर उत्तर साधे असते: दोघांना लागते मूठभर चटणी, एवढ्याशा ऐवजाला मोठ्या भांड्याचे पाते लागतच नाही, तो कडेला चिकटून बसतो. शिवाय वीज ऐन स्वयंपाकाच्या वेळी गेली तर पाटा अडत नाही.

आठवडी बाजारातही हेच माप दिसते. दिवस कलला की भाजीचा भाव उतरतो, हे दोघांना ठाऊक असते. पण शेवटची एसटी चुकली तर वाडीपर्यंत चालत जावे लागते. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना एसटीत निम्मे तिकीट पडते, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. त्यामुळे बाजाराला जाणे परवडते. परतीची वेळ मात्र एसटीच ठरवते. म्हणून आजोबा दुपारच्या भावाने भाजी घेतात आणि बैठकीतली माणसे त्यांना ‘घासाघीस येत नाही’ असे म्हणतात.

४.३.३ बिघडले तर कोण दुरुस्त करील?

वस्तू घेताना तरुण ग्राहक तिचे गुण विचारतो. हे दाम्पत्य तिचे आजारपण विचारते. स्टोव्हची पिन, कंदिलाची काच, सायकलचा वॉशर गावातच मिळत असे. आजच्या वस्तूचा सुटा भाग तालुक्यालाही मिळेलच असे नाही. त्यामुळे ओळखीच्या दुकानदाराकडून थोडी महाग वस्तू घेण्याकडे त्यांचा कल असतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीवर चालणाऱ्या गावाचे चित्र आहे. त्या व्यवहारात सुतार-लोहार परका नव्हता आणि औताची दुरुस्ती पावतीवर अवलंबून नव्हती. बलुतेदारी विषमतेवर उभी होती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. मात्र ‘ओळखीचा माणूस वस्तू बघून देईल’ ही अपेक्षा त्या काळापासून मनात मुरलेली आहे.

४.४ निर्णय कोणाचा?

पैसे बहुधा आजोबांच्या खिशात असतात. काय संपले हे आजींना ठाऊक असते. पुढील संवाद पाहा:

“आवं, येताना तेल आना. आन् साबन.”
“साबन परवा तर आनला!”
“पावनं येऊन गेलं की. आन् गोळ्याबी संपत आल्यात तुमच्या.”
“त्या राहू दे पुढच्या बाजाराला.”

या चार ओळींत निर्णयाची उतरंड दिसते. तेल निर्विवाद. साबणाला कारण द्यावे लागते. गोळ्यांचा विषय मात्र ती काढते आणि तो टाळतो. स्वतःवरचा खर्च सर्वात आधी कापला जातो. ‘राहू दे’ हे दोन शब्द या घरातील सर्वात महाग शब्द आहेत. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवसाआड घेणे किंवा पुढच्या बाजारापर्यंत थांबवणे धोक्याचे असते. साबणात केलेली काटकसर भरून काढता येते, औषधातील काटकसर येत नाही. निरीक्षकाने येथे केवळ नोंद करून थांबू नये. घरच्या माणसाने तर नाहीच नाही. स्वस्त पर्याय म्हणून जेनेरिक औषधे मिळणारी जनऔषधी केंद्रे आहेत. तेथे जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि औषधातील मूळ घटकाचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

४.५ जेथे भाषा अडते

आतापर्यंतच्या सर्व निर्णयांत हे दाम्पत्य कोणापेक्षाही कमी नाही. तीन ठिकाणी मात्र ते परावलंबी होते.

(अ) वेष्टन : बंद पाकिटावर निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क इत्यादी तपशील छापणे बंधनकारक आहे. परंतु २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार हा तपशील देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरतो. मराठी ऐच्छिक आहे. अक्षरेही बारीक असतात. सातवीपर्यंत शिकलेले आजोबा वर्तमानपत्र वाचतात, पण चहाच्या पाकिटापुढे निरक्षर ठरतात.

(आ) औषधाची पट्टी : दहाऐवजी चारच गोळ्या घेतल्या की दुकानदार पट्टी कापून देतो. मुदत संपण्याची तारीख व बॅच क्रमांक पुष्कळदा पट्टीच्या एकाच टोकाला असतात आणि ते टोक दुकानातच राहते. ग्राहकाच्या हाती तारीख नसलेले औषध येते. मुदत त्या कागदाच्या पिशवीवर लिहून मागणे, हा साधा उपाय आहे.

(इ) पावती : “बिल कशाला? ओळखीचा हाय,” असे म्हणून पावती सोडली जाते. मिक्सर तीन महिन्यांत बंद पडतो, वॉरंटीचे कार्ड शिक्क्याविना कोरे असते आणि ओळख तेथे थांबते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. महाराष्ट्रात या जागृतीची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा अजून बारा वर्षे दूर होता.

कायदा आहे, क्रमांक आहे. पण अर्ज लिहिणारे माणूस घरात नाही. मराठी शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ही उणीव भरून काढावी. तथापि मदत करणे आणि निर्णय काढून घेणे यांत फरक आहे. ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणून मिक्सर आणून देणारा मुलगा एक वस्तू देतो. पाकिटावरचा मजकूर मोठ्याने वाचून ‘आता तुम्ही सांगा, कोणते घेऊ?’ असे विचारणारा मुलगा निवडीचा हक्क परत देतो.

४.६ सारांश

ज्येष्ठ ग्रामीण दाम्पत्याची निवड तीन प्रश्नांवर ठरते: पैसा केव्हा येतो, किती लागते आणि बिघडल्यास कोण बघेल. या निवडीत व्यवहारज्ञान असते. मात्र स्त्रीचे श्रम आणि स्वतःचे आरोग्य हिशेबाबाहेर राहण्याचा धोकाही असतो. वेष्टन, पट्टी आणि पावती येथे भाषा अडसर होते. हा अडसर दूर करणे हे मराठीच्या अभ्यासकाचे प्रत्यक्ष सामाजिक काम आहे.

४.७ शब्दार्थ

जिरायत – पावसावर अवलंबून असलेली शेती.
बलुतेदार – गावाची ठरावीक सेवा करून धान्यरूपाने वाटा घेणारा कारागीर.
उतरंड – एकावर एक रचलेली मडकी. येथे, महत्त्वाचा क्रम.
निव्वळ परिमाण – वेष्टन वगळून वस्तूचे वजन किंवा माप.

४.८ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. १० रुपयांच्या पुडीतून मिळणारा जादा खर्च कशाची किंमत आहे?
२. चुलीवरील कोणता खर्च नोंदीत येत नाही?
३. औषधाची पट्टी कापल्याने ग्राहक काय गमावतो?
४. ग्राहक तक्रारीची मुदत किती?

उत्तरे : १. रोकड हाती राखण्याची. २. स्त्रीचे श्रम व आरोग्य. ३. मुदतीची तारीख व बॅच क्रमांक. ४. कारण घडल्यापासून दोन वर्षे.

४.९ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा ओळखीच्या एका ज्येष्ठ दाम्पत्याची परवानगी घेऊन सात दिवसांच्या खरेदीची नोंद करा. रकाने असे आखा: वस्तू, परिमाण, किंमत, रोख की उधार, निर्णय कोणाचा, आणि कारण – त्यांच्याच शब्दांत. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा आहे. त्यात आपली प्रमाण मराठी घुसवू नका. दाम्पत्याचे नाव लिहू नये. त्यानंतर ३०० शब्दांत निरीक्षण लिहा. लेखन पूर्ण झाल्यावर ते त्या दोघांना वाचून दाखवा आणि ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारा. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती स्वतंत्रपणे नोंदवून स्वाध्यायासोबत जोडा.