तृण-गण आणि आपली धान्ये

आपल्या स्मरणिकेत बाजारभाव व करविषयक लेख विपुल असतात. ज्या मालावर आपली पेढी उभी आहे, त्याच्या जातकुळीचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. म्हणून हा अल्प प्रयत्न.

सपुष्प एकदल वनस्पतींच्या एका गणास शास्त्रज्ञ पोएलीझ म्हणतात. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी, राळे, इतकेच नव्हे तर ऊस आणि बांबूही त्यातील तृणकुलाचे होत. शेतकऱ्याचा वैरी लव्हाळा आणि गोव्यात पिकणारा अननस हीदेखील याच गणातील, परंतु निराळ्या कुलांतील मंडळी! राजगिरा मात्र यांत नाही. त्याचे पोते धान्याशेजारी असले, तरी तो द्विदलांपैकी आहे.

तूर, हरभरा भरडला की दोन दले सुटतात व डाळ होते. ज्वारीस दल एकच, तेही अंकुराला चिकटलेले. म्हणून तिची डाळ होत नाही, कणी होते. शिवाय तृणधान्याचा दाणा केवळ बी नव्हे. फळाची साल बीजाच्या सालीशी एकजीव झालेले ते फळच आहे. त्यावर आणखी तूस असते. ज्वारी व साधा गहू मळणीत तुसातून मोकळे होतात. भात, वरी, राळे होत नाहीत. खपली गहूही होत नाही.

धंद्यात नवखा असता तुसासह आलेली खपली मी सड्या गव्हाच्या हिशेबाने घेतली. पोती भरघोस दिसली. कांडून आणल्यावर वडिलांनी तागडीकडे पाहिले, माझ्याकडे नाही. तो तोटा खतावणीत त्यांनी माझ्याच हाताने लिहवून घेतला.

खपली ही साध्या गव्हाची हलकी जात, हा समज चुकीचा आहे. खपलीत गुणसूत्रे २८, बन्सीतही २८. चपातीच्या साध्या गव्हात ४२. अशा २८ गुणसूत्रांच्या लागवडीतील गव्हाचा एका रानगवताशी संकर होऊन साधा गहू उत्पन्न झाला. अर्थात खपली त्याच्या वडीलधाऱ्यांपैकी ठरते.

आता बाजरी. तिचा अंकुर दाण्याच्या मानाने मोठा, आणि स्निग्धांश सुमारे ५ टक्के, गव्हाच्या दुपटीहून अधिक. दाणा अखंड असेतो ते तेल सुरक्षित राहते. दळताच त्यास हवा लागते व थोड्याच दिवसांत पीठ कडवट होते. गिऱ्हाईक बाजरी जुनी म्हणून तक्रार करते, तेव्हा दोष बहुधा पिठाच्या वयाचा असतो. सबब किरकोळ विक्री करणाऱ्या सभासदांनी हे पीठ चार-आठ दिवसांच्या खपापुरतेच दळून ठेवावे.