आधी नंबर, मग फ्रेम

बस इथं, आधी पाणी पी. लेकीच्या डायरीत टीचरनं लिहिलंय की तिला फळ्यावरचं दिसत नाही. सासूबाईंची साखर कपात पडते की बशीत, ते त्यांना कळत नाही. आणि तू? मोबाईल हात ताणून लांब धरून वाचून राहिलीस. चाळिशी लागली गं बाई, त्यात लाजायचं काय! मी दोन वर्षं कबूल केलं नव्हतं. मग एका रविवारी पाहुण्यांच्या वरणभातात खडे निघाले, तेव्हा मुकाट्यानं केलं.

खरं सांगू का, तिघींचं एकदम अंगावर आलं म्हणून तू घाबरलीस. घरखर्चाचं गणित करतेस तशी हेही करशील. फक्त एक गाठ मारून ठेव: डोळे तपासणं वेगळं आणि चष्मा घेणं वेगळं. नंबराचा कागद हातात आल्याशिवाय एकही फ्रेम नाकावर चढवायची नाही.

मी नेमकं उलटं केलं होतं. सीताबर्डीच्या बाजारात साडी घ्यायला गेले, शेजारच्या दुकानात ‘फ्री आय टेस्ट’ची पाटी दिसली आणि शिरले. बाहेर आले तेव्हा प्रोग्रेसिव्ह काचांचे पैसे भरलेले होते. एकाच काचेत वर लांबचं, खाली जवळचं. मला लांबचा नंबरच नव्हता! पहिल्या दिवशी जिना उतरताना पायऱ्या लाटांसारख्या हलत होत्या. भाजी चिरायला दोन-अडीचशेचा साधा वाचायचा चष्मा पुरला असता. हां, पण तसला तयार चष्मासुद्धा तेव्हाच घ्यायचा, जेव्हा दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असतो आणि कागदावर सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, नसतो.

दुकानातला मुलगा नंबर चांगला काढतही असेल, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा बघायला नेत्रतज्ज्ञच लागतो. काचबिंदू बहुतेकदा गुपचूप येतो, दुखत नाही, खुपत नाही. म्हणून चाळिशीनंतर दाब एकदा मोजूनच घ्यायचा. सासूबाईंना शुगर आहे ना? मग त्यांचा पडदा दरवर्षी तपासायचा, नंबर बदललेला असो नसो. आणि कधी डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर घरकाम टाकून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

जायचं कुठे? आपल्या नागपुरात त्याची चिंता नाही बघ. सरकारी मेडिकल कॉलेज आहे, 1947 पासूनचं. मेयो रुग्णालय आहे. मिहानकडे एम्स आहे. सरकारी ठिकाणी केसपेपरचे पैसे किरकोळ, पण रांग मोठी. सकाळी लवकर जा, आधार कार्ड आणि जुना चष्मा सोबत ने, पिशवीत पोळीचा डबा ठेव. सासूबाईंसाठी महात्मे नेत्ररुग्णालयातही विचारता येईल. गरिबांचे मोतीबिंदू काढणारे म्हणून डॉ. विकास महात्म्यांचं नाव आहे, 2010 मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. आणि ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना चहा पाजून वाटेला लाव. पिकण्याची वाट बघायचे दिवस गेले. उलट फार पिकला की ऑपरेशन अवघड होतं. 1976 पासून देशात अंधत्व निवारणाचा कार्यक्रम आहे, त्याखाली सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन फुकट होतं.

लेकीचं मात्र नुसत्या कॉम्प्युटरवर उरकू देऊ नकोस. लहान मुलांच्या डोळ्यांचे स्नायू आवळलेले राहतात, मशीन नसलेला नंबर दाखवतं. थेंब टाकून तपासा म्हणून सांग. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्यामार्फत मुलांना चष्मा मोफत मिळू शकतो, हेडमास्तरांना विचार. विकत घेतलास तर पॉलीकार्बोनेटच्या काचा घे, खेळताना आपटल्या तरी सहजी फुटत नाहीत. गुलाबी फ्रेम हवी म्हणाली तर गुलाबीच घे. आवडलेली फ्रेम डोळ्यावर राहते, नावडती दप्तराच्या तळाशी. आणि संध्याकाळी तिला खाली खेळायला पाठव, उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचा नंबर लागण्याचा धोका कमी असतो.

आता दुकान. कागदावर दोन बुबुळांमधलं अंतर लिहिलं आहे का ते बघ, पीडी म्हणतात त्याला. नसेल तर दुकानात मोजायला लाव. ते चुकलं की डोकं दुखतं आणि आपण पित्ताला बोल लावतो. काचेवर चरा पडू नये म्हणून कोटिंग घे, रात्री गाडी चालवतेस तर अँटी-ग्लेअरही घे. ‘ब्लू कट’साठी जास्तीचे पैसे मागतील, हसून नको म्हण. 2023 मध्ये वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या लोकांनी 17 अभ्यास एकत्र ताडून पाहिले, स्क्रीनचा शीण त्यानं कमी होतो असं काही दिसलं नाही. त्यापेक्षा मोबाईल बाजूला ठेवून बाल्कनीतून लांब बघ, ते फुकट आहे. फ्रेम, काच आणि कोटिंगचा भाव वेगवेगळा लिहून माग. नंबराच्या चष्म्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेही बिलात बघ. दोन दुकानं फिरलीस तर पाय दुखतील, पण पैसे वाचतील.

आणि चष्मा आपल्या उन्हात जप गं. मे महिन्यात मी माझा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले. परत येऊन बघते तर कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे! पदरानंही पुसायचा नाही बरं, धूळ घासली जाते. नळाखाली धर, साबणाचा एक थेंब लाव आणि मऊ फडक्यानं टिप.

तर मंगळवारी सकाळी साडेसातला तयार राहा. पडदा बघायला थेंब टाकल्यावर तीन-चार तास तुला नीट दिसायचं नाही, तेव्हा स्कूटी काढायचीच नाही. गॉगल आणि दुपट्टा घे, मी येते सोबत. चौघी आहोत, ऑटोवाल्याला आजच सांगून ठेव.