ठणक्याची गोळी आणि पोटातला अल्सर



या पानावर आम्ही शेतकी खात्याची मंडळी दरवेळी बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या वेळी विषय वेगळा आहे. हंगामात गटातून फिरताना नेहमी दिसते, चहा आला की कोणीतरी खिशातून पाकीट काढतो आणि गोळी तोंडात टाकतो. विचारले तर म्हणतो, "गुडघा धरलाय साहेब, त्याबिगर उठवत नाही." तीन वर्षांपूर्वी मीही त्यांतलाच होतो. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकाधारक आहे; अंगावर बेतले आणि डॉक्टरांनी समजावले, तेवढेच लिहितो.

मला आठ वर्षांपासून आमवात आहे. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. त्यात निफाडकडची थंडी आपणां सर्वांच्या परिचयाची! डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती रोगाला आवर घालते, पण गुण दिसायला दीड-दोन महिने जातात. दुसरी डायक्लोफिनॅक. ती फक्त ठणका मारते, लागेल तेव्हा थोडे दिवस घ्यायची. मला अर्थातच दुसरी लाडकी झाली. सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर एक, रात्री एक, मोटारसायकलवर फार फिरणे झाले की तिसरी. चिठ्ठीशिवाय मीच दुकानातून मागून आणीत असे.

जानेवारीत एका प्लॉटवर नोंद घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बांधावरच बसलो. दोन दिवस शौचास डांबरासारखे काळे होत होते, तिकडे मी लक्ष दिले नव्हते. नाशिकला नेले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा. दुर्बिणीने तपासले तर जठरात अल्सर, आणि त्यातून रक्त झिरपत होते. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. आश्चर्य म्हणजे पोट कधी दुखलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, ज्या गोळीने जखम केली तिनेच दुखणेही झाकले.

असे का होते? शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्यात ती सूज व ठणका वाढवितात, पण जठरात तीच आम्लापासून बचाव करणारा बुळबुळीत थर राखतात. ठणक्याची गोळी ही द्रव्ये दोन्हीकडे बंद पाडते. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली हे उलगडले व १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावायचे आणि वरून जहाल फवारणी करायची, म्हणजे मित्रकीटकही मेला, त्यातलाच हा प्रकार.

गोळीने पोट बिघडते म्हणून कित्येकजण सुई टोचून घेतात. त्याने धोका टळत नाही. आंतरप्रवाही औषध मुळाशी टाकले तरी रसातून शेंड्यापर्यंत जाते. तसे दंडात दिलेले औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतेच. जेवणानंतर गोळी घेतली तर जळजळ कमी होईल, पण अल्सरची भीती जात नाही.

मिरचीने अल्सर होतो हा समज मात्र सोडा. गोळ्यांखेरीज दुसरे मोठे कारण एक जंतू आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखविली! त्यांना व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. माझ्याही पोटात हा जंतू निघाला. चौदा दिवसांच्या औषधाने गेला. ज्यांना ठणक्याच्या गोळ्या दीर्घकाळ लागणार आहेत, त्यांनी ही तपासणी डॉक्टरांना जरूर विचारावी.

आता माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. घरी आल्यावर धास्तीने मी सगळ्याच गोळ्या बंद केल्या, मेथोट्रेक्झेटसुद्धा. अडीच महिन्यांत दोन्ही मनगटे सुजली. शर्टाची बटणे मंडळी लावून देऊ लागली, नोंदवहीत सही होईना. अल्सर केला होता ठणक्याच्या गोळीने, आणि शिक्षा मी दिली रोगाच्या औषधाला.

आता मेथोट्रेक्झेट रविवारी, कॅलेंडरवर खूण करून घेतो. चुकून रोज घेतली तर तोंड येते, रक्तातील पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून घरातल्यांनाही वार सांगून ठेवला आहे. ठरल्या वेळी रक्त तपासतो. दारू वर्ज्य. आम्ल कमी करणारी गोळी न्याहारीपूर्वी अर्धा तास. ठणका फार झाला तर सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटॅमॉल. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. पण त्यावर ठणक्याची गोळी चढविण्याआधी डॉक्टरांना विचारावे. संधिवाताच्या काही 'जडीबुटी' पुड्यांतही स्टेरॉइड सापडले आहे. दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे, पुड्यांसकट, पिशवीत घालून न्यावीत. नावे निराळी आणि आतले औषध एकच, असे माझ्या पिशवीत दोनदा निघाले.

शौचास काळे होणे, कॉफीसारखी उलटी, एकाएकी घेरी, यांपैकी काही दिसले तर ऊसतोड चालू असली तरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळे होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

खोडव्यातील पाचटाविषयी राहिलेला भाग पुढील अंकी.