डोकेदुखी : मूळ प्रवृत्ती आणि तात्कालिक निमित्त

डोकेदुखी हा किरकोळ विकार समजून अंगावर काढण्याची अथवा दुकानातून गोळी आणून दडपण्याची सवय सर्वत्र आढळते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगातील सुमारे ४० टक्के लोक डोकेदुखीच्या विकारांनी त्रस्त होते.

या विकाराचे दोन प्रकार विशेष आढळतात. ताणजन्य डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. अर्धशिशीत बहुधा एका बाजूस ठणका लागतो, मळमळते आणि उजेड व आवाज असह्य होतात. अर्धशिशीची प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते; पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक असून मासिक पाळीच्या सुमारास ती बळावते.

प्रवृत्ती बदलता येत नाही. निमित्ते मात्र टाळता येतात. पुणे शहराच्या दिनक्रमात अशी निमित्ते पावलोपावली भेटतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात डोके न झाकता केलेला दुचाकीचा प्रवास, वाहनांचा धूर व कर्णे, अपुरे पाणी, जागरण आणि चहाची टळलेली वेळ ही त्यांपैकी काही होत. एकादशी वा संकष्टीच्या दिवशी दीर्घकाळ उपाशी राहिल्यानेही अर्धशिशी उठते. तासन्‌तास मान वाकवून काम करणाऱ्यांना ताणजन्य डोकेदुखी जडते. गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकांचा प्रश्न याच दृष्टीने पाहावा लागेल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

सर्वांत दुर्लक्षित निमित्त म्हणजे खुद्द वेदनाशामक गोळी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा रीतीने तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास औषधामुळेच डोके दुखू लागते. मग दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणे, असे चक्र सुरू होते. ते वैद्यकीय सल्ल्यानेच तोडावे.

यावर सोपा उपाय म्हणजे नोंदवही. दुखण्याची तारीख, वेळ, आदल्या दिवसाची झोप, आहार आणि घेतलेली गोळी यांची नोंद महिनाभर ठेवल्यास निमित्त आपोआप उघड होते. वारंवार डोके दुखणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी आळशी न ठरविता त्याची दृष्टी, न्याहारी व झोप यांची चौकशी करावी. कार्यालयांत व शाळांत पिण्याचे पाणी आणि कामाच्या मधली विश्रांती यांची व्यवस्था असावी.

अकस्मात उठलेली अतितीव्र वेदना, तापासह मान ताठणे, बोलण्यात वा हातापायांत दुर्बलता, डोक्यास मार लागल्यानंतरचे दुखणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी नोंदवही वा घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. ही चिन्हे ग्रामसभेत व पालकसभेत समजावून सांगितल्यास एखादा जीव वाचू शकेल.