आखातातील कमाई आणि वसीयतनामा

नाशिक, मालेगाव आणि कोकणातील अनेक मुस्लिम घरांची चूल आखाती देशांतील नोकरीवर पेटते. पंचवीस वर्षे तेथे राहूनही मनुष्य परदेशी रहिवासीच राहतो. बचत दुबईच्या बँकेत, सदनिका नाशकात, शेत गावी. तो अकस्मात निवर्तला, तर वारसांनी दाद कोठे मागावी?

वसीयत करण्याजोगे काही असता, ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही काढणे मुस्लिमास उचित नाही, अशा आशयाची हदीस इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या संग्रहांत आली आहे. तरीही आपल्या घरांत हा विषय अशुभ मानतात!

सूरह निसामधील आयत ११ व १२ नुसार वाटप होते ते कर्ज व वसीयत यांची पूर्तता झाल्यावर. न दिलेला महर हेही कर्जच. समजा, त्यानंतर २४ लाख उरले. मागे पत्नी, आई, एक मुलगा व दोन मुली आहेत. पत्नीस ३ लाख, आईस ४ लाख. उरलेल्या १७ लाखांतून मुलास साडेआठ, प्रत्येक मुलीस सव्वाचार लाख. वसीयतीची मर्यादा एक-तृतीयांश, आणि वारसाच्या नावे ती इतर वारसांच्या संमतीविना होत नाही. आधीच वारलेल्या मुलाची मुले मात्र काका हयात असता वारस ठरत नाहीत. या तृतीयांशाचा त्यांच्याहून योग्य हक्कदार मला तरी दिसत नाही.

सर्वाधिक तंटे ‘नॉमिनी’वरून होतात. नॉमिनी मालक नव्हे, केवळ रक्कम स्वीकारणारा, असे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये स्पष्ट केले. भावाने नॉमिनी म्हणून पैसे काढून स्वतःच ठेवले, तर ते यतीमांचे धन खाणे होय. त्याविषयीचा इशारा आयत १० मध्ये आहे.

अमिरातींत खातेदार वारल्यावर बँक सामान्यतः खाते गोठवते आणि न्यायालयाने वारस ठरविल्यावरच रक्कम देते. भावाला दिलेले मुखत्यारपत्र तेव्हा निरुपयोगी. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. म्हणून खाती, येणे-देणे आणि महर यांची यादी पत्नीजवळ असावी. वसीयत दोन साक्षीदारांसमक्ष लिहावी, तिचा अरबी अनुवादही करून ठेवावा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करावी. राहिली शेतजमीन: १९३७ च्या शरीअत कायद्याच्या कलम २ मधून ती वगळलेली आहे, तेव्हा तिच्यापुरता वकिलाचा सल्ला हयातीतच घ्यावा.