जुन्या गाड्यांचे अ‍ॅक्सल : सदोष सुटे भाग कसे ओळखावेत?

रेवस, मांडवा, चोंढी, थळ या पट्ट्यातील बरेच बागायतदार आजही जुनी जीप, ओम्नी किंवा तत्सम गाडी शेतमाल वाहण्यासाठी वापरतात. पांढऱ्या कांद्याच्या माळा, वालाच्या शेंगा, नारळ, सुपारी, भाताची पोती आणि रेवस बंदरावर उतरणारी मासळी असा सर्व प्रकारचा माल या गाड्यांतून जातो. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यापासून गाडी बोटीवर चढवून मुंबईस नेणेही सोपे झाले आहे. गाडी जुनी असली तरी काम देते व कर्जाचा हप्ता नसतो, म्हणून ती टिकवण्याकडे शेतकऱ्याचा कल असणे योग्यच आहे.

अडचण सुट्या भागांची आहे. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, मारुती ८०० त्याच वर्षी बंद झाली, ओम्नी २०१९ मध्ये. प्रीमिअर पद्मिनी तर त्याआधीच थांबली होती आणि मुंबईतील तिची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपल्याने रस्त्यावरून गेली. कंपनीचा मूळ भाग मिळेनासा झाला की बाजारात तीन प्रकारचा माल राहतो : जुना शिल्लक साठा, मोडीत निघालेल्या गाड्यांतून काढलेले भाग आणि लहान कारखान्यांत तयार झालेले नवे भाग. या तिसऱ्या प्रकारात उत्तम माल आहे तसा अत्यंत निकृष्टही आहे, आणि दोन्ही एकाच रंगाच्या खोक्यात येतात.

दिवा किंवा आरसा निकृष्ट निघाला तर पैसे वाया जातात, एवढेच. अ‍ॅक्सलचे तसे नाही. जुन्या मोटारी, ओम्नी व जीप यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये बहुधा चाकाला फिरवणारा शाफ्टच गाडीचा भारही पेलतो. असा शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूस तुटला की चाक निखळून पडते. मोठ्या ट्रकमध्ये भार हब व नळीवर असतो, शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो, त्यामुळे तो तुटला तरी गाडी चाकांवर उभी राहते. आपल्या गाडीची रचना यांपैकी कोणती, हे मेकॅनिककडून प्रथम समजून घ्यावे. पहिल्या प्रकारची असल्यास शाफ्ट, बेअरिंग व कॉलर यांच्या खरेदीत काटकसर करू नये. गाडीत मागे मजूर किंवा शाळेची मुले बसत असतील तर मुळीच नाही.

चांगला शाफ्ट म्हणजे काय?

चांगला शाफ्ट घडवलेल्या पोलादाचा असतो. त्याचा पृष्ठभाग उष्णता देऊन कठीण केलेला असतो व गाभा मात्र चिवट ठेवलेला असतो. कोयत्याला पाणी देताना लोहार हेच करतो : धार कठीण, पाठ मऊ. पाणी दिलेच नाही तर शाफ्ट मऊ राहतो व भाराखाली पिळवटतो. पाणी जास्त झाले किंवा गाभ्यापर्यंत गेले तर तो काचेसारखा तुटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात, म्हणून नुसते पाहून खरेदी करू नये.

सर्वांत सोपी परीक्षा कानशीची आहे. नवी, बारीक दातांची कानस शाफ्टच्या दात्यांच्या टोकाजवळ हलकेच ओढावी. कठीण पृष्ठभागावरून ती घसरते, मऊ लोखंडाला लगेच धरते. जुन्या मूळ शाफ्टवर न झिजलेल्या जागी तीच कानस ओढून दोन्हींची तुलना केल्यास अंदाज पक्का होतो. ही परीक्षा बेअरिंगच्या किंवा ऑइल सीलच्या जागेवर करू नये, तेथील ओरखडा पुढे नडतो.

दुसरी परीक्षा मापाची. जुना शाफ्ट दुकानात बरोबर न्यावा. लांबी, दात्यांची संख्या, बोल्टच्या छिद्रांचे अंतर ताडून पाहावे. अनेक जुन्या जीपमध्ये डिफरन्शियल मधोमध नसल्याने डावा व उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचा असतो, आणि “थोडा कापून बसवू” हे उत्तर स्वीकारू नये. बेअरिंगची बैठक मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. व्हर्निअर येथे पुरेसा नाही. ती बेअरिंगच्या आतील व्यासापेक्षा सुमारे ०.०१ ते ०.०२ मि.मी. मोठी असावी. एवढ्याशा फरकावर बेअरिंगची पकड अवलंबून असते. बैठक लहान असेल तर बेअरिंग शाफ्टवर फिरू लागते. मग गॅरेजमध्ये सेंटर पंचाने टिपके मारून किंवा मध्ये पत्रा घालून ते घट्ट करतात. हा उपाय अलिबागपर्यंत पोचवतो, पण टिपक्यांतूनच तडा सुरू होतो. असा शाफ्ट परतच करावा.

तिसरी गोष्ट, व्यास जेथे बदलतो तेथील कोपरा. चांगल्या शाफ्टवर तो गोलाई देऊन गुळगुळीत केलेला असतो. स्वस्त शाफ्टवर लेथच्या हत्याराने काटकोनात खाच पडलेली असते व नखाला ओरखडे लागतात. थकव्याचा तडा तेथेच धरतो. माझ्या मते एवढी एक खूण पाहूनही निम्मा निकृष्ट माल दुकानातच ओळखता येईल.

जुना की नवा?

मोडीतून काढलेला मूळ शाफ्ट घ्यावा का, असे नेहमी विचारले जाते. कुर्ल्याच्या बाजारात असे भाग मिळतात. पोलाद चांगले असते, पण त्याने किती ओझे वाहिले हे कोणी सांगू शकत नाही. तड्याची तपासणी केल्याशिवाय तो बसवू नये. शाफ्ट पेट्रोलने स्वच्छ धुऊन, रॉकेलमध्ये थोडे जळके ऑइल मिसळून त्यात अर्धा तास ठेवावा (रॉकेल न मिळाल्यास डिझेल चालते). नंतर कोरडा पुसून खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर द्यावा व वाळू द्यावा. तडा असल्यास आतले तेल खडूत उतरून बारीक काळी रेघ उमटते. कोपरा, चावीची खाच व दात्यांची मुळे विशेष पाहावीत. या परीक्षेत उतरलेला, न पिळलेला मूळ शाफ्ट, निनावी नव्या शाफ्टपेक्षा मी पसंत करीन. बेअरिंग व ऑइल सील मात्र कधीही जुने घेऊ नयेत.

बेअरिंगमध्ये नकली माल फार येतो. खोक्यावरील व बेअरिंगवरील क्रमांक एकच आहे का, अक्षरे स्पष्ट आहेत का हे पाहावे. किंमत नेहमीपेक्षा फारच कमी असेल तर संशय घ्यावा. अधिकृत विक्रेत्याचे पक्के बिल हीच खरी खात्री.

बसवताना घ्यावयाची काळजी

चांगला भाग चुकीचा बसवला तरी तुटतो. बेअरिंग प्रेसवर किंवा तेलात गरम करून बसवावे, तापमान १२० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये. हातोड्याने ठोकू नये. बेअरिंग अडवणारी कॉलर प्रत्येक वेळी नवीन घ्यावी. तिला वेल्डिंगचा टाका मारणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचे पोलाद ठिसूळ होते. याच कारणासाठी तुटलेला शाफ्ट वेल्ड करून पुन्हा वापरू नये. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अ‍ॅक्सललाही हे लागू आहे.

निमुळत्या टोकाचा शाफ्ट असलेल्या जीपमध्ये हब व शाफ्ट यांची बैठक तपासावी. शाफ्टच्या निमुळत्या भागावर निळा रंग पातळ लावून हब दाबून काढावा. रंग सर्वत्र सारखा उठला पाहिजे. फक्त टोकाला उठला तर हब हलत राहील व चावीच्या खाचेत तडा जाईल. या भागावर ग्रीस लावू नये. नट आवळून स्प्लिट पिन घालावी व ५० ते १०० कि.मी. चालल्यावर पुन्हा तपासावी.

बसवण्यापूर्वी शाफ्टच्या लांबीवर रंगाची एक सरळ बारीक रेघ ओढून ठेवावी. हंगामानंतर शाफ्ट काढला असता रेघ मळसूत्रासारखी वळलेली दिसली तर शाफ्ट मऊ आहे, तो अजून तुटलेला नसला तरी बदलावा.

खारे पाणी

आपल्याकडे यात खाऱ्या हवेची भर पडते. मासळीच्या बर्फाचे खारट पाणी गाडीखाली अ‍ॅक्सलवर ठिबकत राहते, सीलच्या जागी गंजाचे खड्डे पडतात व तेल गळून ब्रेकच्या लायनिंगवर जाते. बंदरावरून आल्यावर गाडीखालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. अ‍ॅक्सलवरील हवेचे छिद्र (ब्रीदर) मोकळे ठेवावे. ते बुजले असेल आणि तापलेला अ‍ॅक्सल उधाणाच्या पाण्यात शिरला तर थंड होताना सीलमधून पाणी आत ओढले जाते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेल पाहावे, दुधाच्या चहासारखे दिसल्यास लगेच बदलावे.

शाफ्ट तुटल्यास

दुकानदाराचे ठरलेले उत्तर असते : ओझे जास्त भरले असेल. कधीकधी ते खरेही असते. निर्णय तुटलेल्या तोंडावर लिहिलेला असतो. शिंपल्यावर असतात तशा वलयाकार रेषा दिसल्या तर तडा हळूहळू वाढत गेला आहे. त्या रेषा ज्या बिंदूकडे जातात तेथे खाच, टिपका किंवा ओरखडा सापडतो. तोंड साखरेसारखे दाणेदार, चकाकणारे असेल व जवळपास वाक नसेल तर पोलाद ठिसूळ होते. दाते पिळवटून तुटले असतील तर शाफ्ट मऊ होता किंवा ओझे खरोखरच अति झाले, आणि येथे कानशीची परीक्षा उपयोगी पडते.

म्हणून दोन्ही तुकडे जपावेत. तुटलेली तोंडे एकमेकांवर घासू नयेत, कानस लावू नये, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावीत. फोटो काढावेत. भाग कधी बसवला व किती चालला हे मेकॅनिककडून लिहून घ्यावे. विक्रेत्यास प्रथम लेखी कळवावे व पोच ठेवावी.

दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. रायगडचा आयोग अलिबाग येथे आहे. भाग मुंबईत घेतला असला तरी राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे, परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या चरितार्थासाठी घेतलेली नाही, हे शेतकऱ्याने तक्रारीत स्पष्ट लिहावे. वस्तूचा दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. त्या वेळी तुकडे भंगारवाल्याकडे गेलेले असतील तर तपासायला काहीच उरत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करण्यापूर्वी बिल जवळ ठेवावे, कारण त्यावरील तारीख व भागाचा क्रमांक प्रथम विचारला जाण्याची शक्यता असते.